औषधांना न जुमानणारे जंतू कुत्र्याच्या आतड्यात: घरात काय करायचं, काय टाळायचं

कुत्र्याला जुलाब लागले की बऱ्याच घरांत आधी उघडतो तो औषधांचा डबा. मागच्या वेळच्या मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या उरलेल्या असतात, नाहीतर आजोबांच्या ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची अर्धी स्ट्रिप. अर्धी गोळी पोळीच्या तुकड्यात दडवून दिली जाते, दुसऱ्या दिवशी शी घट्ट होते आणि गोळी 'लागू पडली' असं ठरतं. ती दिली नसती तरी दोन-तीन दिवसांत शी बहुधा घट्ट झालीच असती. फरक इतकाच, की आता त्या आतड्यात कोण मेलं आणि कोण उरलं याचा हिशेब बदललेला असतो. आणि जे उरलं ते शीवाटे, शेपटीखालच्या केसांवाटे, जिभेवाटे घरभर फिरतं.

उरतं ते नेमकं काय

ई. कोलाय हा जंतू तुमच्या आतड्यात आहे, कुत्र्याच्याही आहे, आणि एरवी तो कुणाचं काही बिघडवत नाही. त्याच्यातल्या काही प्रकारांकडे ईएसबीएल नावाचं विकर (एन्झाइम) असतं. हे विकर पेनिसिलिन आणि सेफ्ट्रियाक्झोन, सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम ही सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं तोडून टाकतं. असा जंतू मूत्राशयात किंवा रक्तात शिरला की नेहमीची इंजेक्शनं निकामी ठरतात आणि डॉक्टरांना मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेम गटाकडे वळावं लागतं. त्यालाही दाद न देणारे जंतू आहेत. त्यांच्यातल्या एनडीएम या विकराच्या नावात 'नवी दिल्ली' आहे, कारण ते पहिल्यांदा सापडलं ते भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात.

अशा विकरांची कृती, म्हणजे ती कशी बनवायची याची माहिती, बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळावर लिहिलेली असते. एक जंतू ते वर्तुळ शेजारच्या जंतूला देऊ शकतो, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. म्हणजे कुत्र्याचा जंतू तुमच्या आतड्यात चार दिवसांचा पाहुणा म्हणून आला आणि निघून गेला, तरी जाताना कृती मागे ठेवून जाऊ शकतो. एकाच वर्तुळावर अनेकदा तीन-चार औषधांविरुद्धच्या कृती एकत्र बसलेल्या असतात. त्यामुळे डॉक्सिसायक्लिन देऊन सेफ्ट्रियाक्झोनला न जुमानणारा जंतू वाढवता येतो. 'वेगळंच औषध दिलं होतं' ही सबब इथे चालत नाही.

असा जंतू बाळगणारा कुत्रा आजारी दिसत नाही. खातो, खेळतो, शीही घट्ट असते. शिवाय हे जंतू येत-जात राहतात: या महिन्याच्या तपासणीत सापडले, पुढच्या महिन्यात नाहीत, त्यानंतर पुन्हा सापडले. म्हणूनच धडधाकट कुत्र्याची शी 'एकदा बघून घेऊ' म्हणून लॅबला पाठवण्यात अर्थ नाही. निगेटिव्ह आली तर खोटा दिलासा मिळतो. पॉझिटिव्ह आली तर करायचं तेच, जे एरवीही करायला हवं होतं.

धोका किती आणि कुणाला

आपल्याकडे हे जंतू कुत्र्याने घरात आणले असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या सुमारे २,००० प्रवाशांची शी प्रवासाआधी आणि नंतर तपासली होती. जाताना ज्यांच्याकडे ईएसबीएल जंतू नव्हते आणि जे दक्षिण आशियात फिरून आले, त्यांच्यापैकी ७५ टक्के ते पोटात घेऊन परतले. घेऊन आलेल्या एकूण प्रवाशांपैकी निम्म्यांच्या आतड्यातून ते महिन्याभरात गेले, सुमारे ११ टक्क्यांत वर्षानंतरही होते. इथलं पाणी, अन्न आणि माणसं यांतूनच हे सगळं फिरतंय. कुत्रा त्या साखळीतली एक कडी आहे. माणूस कुत्र्याला देतो, कुत्रा माणसाला देतो.

तरी ती कडी खरी आहे. २०१५ मध्ये फिनलंडमधल्या एका घरात दोन कुत्र्यांच्या जुनाट कानाच्या संसर्गातून एनडीएम-५ असलेला ई. कोलाय निघाला आणि तोच प्रकार घरातल्या एका माणसाच्या आतड्यातही सापडला. अमेरिकेत २०१६ ते २०१८ दरम्यान पेट शॉपमधल्या पिल्लांपासून शंभराहून जास्त लोकांना कॅम्पायलोबॅक्टरचे जुलाब झाले. हा जंतू नेहमीच्या सगळ्या औषधांना पुरून उरत होता. तपासातल्या १४९ पिल्लांपैकी १४२ पिल्लांना विक्रीआधी अँटिबायोटिक दिलेलं होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पिल्लांना कुठलाही आजार नसताना, निव्वळ खबरदारी म्हणून. खबरदारीनेच घात केला म्हणायचा.

धडधाकट मोठ्या माणसाच्या आतड्यात असा जंतू शिरला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. प्रश्न येतो तो जंतू आतड्याबाहेर पडला की. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या बाई, कॅथेटर लावलेले आजोबा, केमो चालू असलेला रुग्ण, मूत्रपिंड बदललेला माणूस, तान्हं बाळ, गरोदर बाई, गुदद्वारावाटे प्रोस्टेटची बायोप्सी ठरलेला माणूस: पुढचे नियम खऱ्या अर्थाने यांच्यासाठी आहेत. यादीत एक नाव सहसा कुणी घालत नाही, ते म्हणजे रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांचं. पोटातलं आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला उंबरठा आहे, आणि ती गोळी तो खाली आणते.

औषध: सगळ्यात मोठी गळती इथे आहे

घरातल्या स्वच्छतेवर कितीही मेहनत घ्या, कुत्र्याला वर्षातून चार वेळा विनाकारण अँटिबायोटिक जात असेल तर ती पालथ्या घड्यावर पाणी आहे. म्हणून आधी हे.

अचानक लागलेले जुलाब. बहुतेक वेळा कारण असतं कचऱ्यात घातलेलं तोंड, बदललेलं खाणं, जंत किंवा विषाणू. युरोपातल्या पशुवैद्यकांनी २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य आणि मध्यम जुलाबांना अँटिबायोटिक देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. मेट्रोनिडाझोलने आतड्यातली चांगली वस्ती कित्येक आठवडे विस्कटते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनेट दिलं की शीतल्या ई. कोलायमध्ये प्रतिकारक जंतूंचं प्रमाण वाढतं. कुत्रा मोठा, लसीकरण झालेला, चालता-फिरता असेल तर असं करावं:

१. हिरड्यांवर बोट फिरवा. ओल्या, गुलाबी आणि बुळबुळीत असतील तर ठीक. चिकट, कोरड्या किंवा फिकट असतील तर घरी थांबू नका.

२. ताप गुदद्वारातून मोजा. ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. माणसाचा ताप समजून याला कुणी क्रोसिन देऊ नये. आयबुप्रोफेन तर अजिबात नाही, ते कुत्र्याला विष आहे.

३. पाणी बंद करू नका. थोडं थोडं, वारंवार द्या. एक लिटर पाण्यात एक ओआरएस पाकीट हे माणसांचंच प्रमाण चालतं. साधं पाणीही शेजारी हवं, कारण ओआरएसची चव काही कुत्र्यांना नको असते.

४. तीन वाट्या मऊ भात आणि एक वाटी उकडलेलं, हाडं-कातडी काढलेलं चिकन, मीठ-मसाला काहीही न घालता. दिवसभराचं हे खाणं चार-पाच वेळांत वाटून द्या. शी घट्ट झाली की पुढच्या तीन दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा. पहिल्याच दिवशी वाडगाभर पेडिग्री ओतली की जुलाब परत येतात आणि दोष 'गोळी न दिल्याचा' ठरतो.

५. शीत शेंबडासारखा चिकट पदार्थ असेल आणि थोडी-थोडी, सारखी होत असेल, तर दहा किलोच्या कुत्र्याला जेवणात अर्धा चमचा इसबगोल, भरपूर पाण्यात भिजवून. दही द्यायला हरकत नाही, पण ते औषध नव्हे. प्रोबायोटिक द्यायचंच तर कुत्र्यांसाठी बनवलेलं घ्यावं.

दोन दिवसांत फरक पडला नाही, उलट्या थांबत नाहीत, रक्त भरपूर पडतंय, कुत्रा मान टाकतोय किंवा ताप साडेएकोणचाळीसच्या वर गेलाय, तर लगेच डॉक्टर. लसीकरण अपुरं असलेल्या पिल्लाला जुलाब झाले तर एक दिवससुद्धा वाट बघायची नाही, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची तपासणी त्याच दिवशी. पार्व्होत आतड्याचं अस्तर सोललेलं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. तिथे अँटिबायोटिक योग्यच आहे, ते नाकारणं हा शहाणपणा नव्हे.

खोकला. बोर्डिंगमधून आल्यावर हंससारखा कोरडा, ठसक्याचा आवाज येतो, पण कुत्रा खातोय, ताप नाही. हा केनेल कफ बहुधा आपोआप बरा होतो. दहा दिवस बघायला हरकत नसते. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस लावा, ठसका निम्मा होतो.

लघवी. कुत्रा त्रासाशिवाय आहे आणि तपासणीत जंतू सापडले, तर त्याला औषध लागत नाही. त्रास असेल तर औषधाआधी कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून त्यावर कुठलं औषध चालतं ते बघणं. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला तीन ते पाच दिवस पुरतात. चौदा दिवसांची चिठ्ठी मिळाली तर का, ते विचारावं. नमुना डॉक्टरांनी सुईने थेट मूत्राशयातून काढलेला सगळ्यात चांगला. फुटपाथवर वाटीत पकडलेल्या लघवीत कातडीवरचे आणि शेपटीखालचे जंतू मिसळतात, आणि मग नसलेल्या आजारावर औषध सुरू होतं. नमुना लगेच पोहोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये, चोवीस तासांच्या आत लॅबमध्ये.

कातडीवरच्या पुळ्या. पसरट पण वरवरच्या असतील तर दोन ते चार टक्के क्लोरहेक्सिडिनचा शॅम्पू आठवड्यातून दोन-तीन वेळा. फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे, घड्याळ लावून. बहुतेक घरांत तो दोन मिनिटांत धुतला जातो, 'शॅम्पूने काही होत नाही' असं ठरतं आणि सेफॅलेक्सिन सुरू होतं.

टिक फिव्हर. महाराष्ट्रात गोचिड वर्षभर असतात आणि त्यांच्यावाटे येणाऱ्या एर्लिकिया या जंतूला डॉक्सिसायक्लिन लागतंच, साधारण अठ्ठावीस दिवस. इथली चूक उलटी असते: प्रत्येक तापाला रक्त न तपासता 'टिक फिव्हर असेल' म्हणून पाच दिवस डॉक्सी. आजार असेल तर पाच दिवस अपुरे आणि नसेल तर पाचही दिवस फुकट. गोळी नेहमी खाण्याबरोबर द्या आणि वर पाणी पाजा, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

एन्रोफ्लॉक्सासिन या प्राण्यांच्या अँटिबायोटिकबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. कुत्र्याच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन बनतो. म्हणजे 'प्राण्यांचं औषध' आणि 'माणसांचं औषध' ही भिंत फक्त खोक्यावरच्या चित्रात आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कार्बापेनेम गट माणसांसाठी राखून ठेवला. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ ही नियंत्रित औषधांची यादी लागू आहे. सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन, मेरोपेनेम अशी औषधं देताना दुकानदाराने लिहून देणारा डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिलं याची नोंद ठेवायची असते. ओळखीच्या मेडिकलमधून फोनवर स्ट्रिप मागवताना ही नोंद होत नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

डॉक्टरांशी हुज्जत घालायची गरज नाही. 'अँटिबायोटिक न देता दोन दिवस बघता येईल का?' आणि 'द्यायचंच तर आधी कल्चरला नमुना घ्यायचा का?' हे दोन प्रश्न पुरतात. पुष्कळ डॉक्टर गोळी लिहितात ते समोरचा माणूस गोळी घेतल्याशिवाय समाधानाने जात नाही म्हणून. लिहून दिलेला कोर्स मधेच तोडू नका आणि मनाने लांबवूही नका. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका, पुढच्या वेळी मोह होतो. मुलांचं उरलेलं गोड सिरप तर कधीच देऊ नका. साखरविरहित सिरपांपैकी काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याचा जीव घेऊ शकतं.

जेवण: कच्च्याचा हट्ट

कुत्र्याच्या आतड्यात ईएसबीएल जंतू का सापडतात यावरच्या अभ्यासांत एक कारण पुन्हा पुन्हा वर येतं: कच्चं मांस. सध्या शहरांत 'रॉ डाएट'ची हवा आहे. दुसरीकडे खाटकाकडून आणलेली कोंबडीची आतडी, पाय, मुंड्या तशाच घालण्याची जुनी सवय आहे. जंतूंना दोन्ही सारखंच. आपल्या पोल्ट्रीत कोलिस्टिन वर्षानुवर्षं वापरलं गेलं, सरकारने खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी आणली ती जुलै २०१९ मध्ये. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी हात घालायचं औषध, यावरून कोंबडीच्या आतड्यात काय काय असू शकतं याचा अंदाज यावा.

फ्रीझरमध्ये ठेवल्याने हे जंतू मरत नाहीत, झोपतात. हळद लावून किंवा व्हिनेगर शिंपडूनही मरत नाहीत. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान गाठलं की मरतात. थर्मामीटर नसेल तर कुकरच्या दोन शिट्ट्या करून पाच मिनिटं मंद आच. तुकडा कापून आत गुलाबी दिसता कामा नये. शिजवलेलं हाड देऊ नका, ते तडकून टोकदार होतं. कच्चं हाड देऊ नका, ते जंतू आणतं. म्हणजे हाडच नको.

चघळायच्या सुक्या वस्तूंनाही हेच लागू. २०१९ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या चघळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या डुकराच्या कानांमुळे १५४ लोकांना औषधांना न जुमानणाऱ्या साल्मोनेलाचा संसर्ग झाला. कान खाल्ले कुत्र्यांनी, आजारी पडली माणसं, कारण ती वस्तू हातात धरून देणारा आणि सोफ्यावरून उचलणारा माणूसच असतो. घ्यायचीच तर पाकीटबंद, उष्णतेची प्रक्रिया केलेली घ्या. काचेच्या बरणीतून सुटी मिळणारी नको.

फिरायला नेताना दोन जागा टाळा: सांडपाणी मिसळणारा नदीकाठ आणि नाला. मुळा-मुठेत पोहणारा लॅब्राडोर फोटोत छान दिसतो, पण त्या पाण्यात शहराचं मैलापाणी असतं. शी खायची खोड असलेल्या कुत्र्याला तोंडाला जाळी लावून न्यावं, दुसरा उपाय लवकर हाती लागत नाही.

फरशीवरची पातळ शी

घरातल्या संसर्गाचा सगळ्यात मोठा क्षण हाच, आणि तोच घाईत उरकला जातो. सहसा होतं असं: फिनेलचं पाणी थेट ओतलं जातं, पोछा फिरतो, आणि तोच पोछा पुढे स्वयंपाकघरात जातो. म्हणजे शीचा पातळ थर घरभर समान वाटला गेला.

आधी कुत्रा आणि मुलं दुसऱ्या खोलीत. हातमोजे, नसतील तर हातावर प्लॅस्टिकची पिशवी. जुनं वर्तमानपत्र किंवा टिश्यू शीवर टाकून शोषून घ्या, कडेकडून मध्याकडे गोळा करा आणि पिशवीत बांधा. मग साबणाचं पाणी आणि फेकून देता येईल असा कपडा. डाग दिसेनासा झाला की जंतुनाशक. क्रम उलटा केला तर फुकट जातं, कारण क्लोरीन आधी शीवरच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोहोचतच नाही.

द्रावण ०.१ टक्के क्लोरीनचं हवं. बाजारातलं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली, ४ टक्क्यांचं असेल तर २५ मिली. गावाकडे पाण्यासाठी ठेवलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असेल तर ती साधारण ३० टक्क्यांची असते. लिटरला ३ ते ४ ग्रॅम, ढवळून, गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी वापरा. उघड्या पिशवीत महिनोन् महिने राहिलेल्या पावडरीचा दम गेलेला असतो, वास मंद आला तर ती टाकून द्या. द्रावण रोज ताजं. फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे, मग साध्या पाण्याने पुसा, कारण कुत्रा ती चाटणारच. त्याच जागी ताजी लघवी असेल तर आधी भरपूर पाण्याने धुवून काढा. लघवीतला अमोनिया आणि क्लोरीन मिळून घशाला झोंबणारा वायू बनतो. हार्पिकसारखं आम्ल असलेलं काहीही त्यात मिसळू नका. खिडकी उघडी हवी.

गादी किंवा चादरीवर झाली तर घट्ट भाग झटकून काढा, ६० अंशांच्या गरम पाण्यात डिटर्जंटसह वेगळी धुवा आणि कडक उन्हात वाळवा. मशीन तुडुंब भरू नका.

बाहेरची शी रोज, त्याच वेळी उचला. सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात टाकू नका. घरगुती खड्डा इतका तापत नाही की जंतू मरावेत, आणि तेच खत पुढे गच्चीवरच्या मेथीला जातं. झुबकेदार कुत्र्यांच्या, म्हणजे शिह त्झू, गोल्डन यांच्या, शेपटीखालचे केस दोन बोटं मोकळं दिसेल इतके आखूड ठेवा. तिथे वाळलेला लेप लागतो आणि तोच कुत्रा मग उशीवर बसतो.

हात, जीभ, ताटली

शी उचलल्यावर, पिल्लाला हाताळल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा; चोळणं वीस सेकंदांपेक्षा कमी नको, बोटांच्या पेरांत आणि नखांखाली. हात मळलेला नसेल तर सॅनिटायझर ई. कोलायला पुरतो, पण मळलेल्या हातावर तो काम करत नाही, आणि जंतांच्या अंड्यांवर कधीच नाही.

कुत्र्याने हात चाटला तर आभाळ कोसळत नाही. तोंड, ओठ, जखम, एक्झिमाची कातडी आणि बाळाचा चेहरा एवढं चाटू द्यायचं नाही. कुत्रा स्वतःला शेपटीखाली चाटतो आणि त्याच जिभेने पुढच्या मिनिटाला माया करतो, इतकं साधं गणित आहे.

ताटली स्टीलची ठेवा. प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत बुळबुळीत थर धरतो आणि तो नुसत्या पाण्याने जात नाही. रोज गरम पाणी आणि साबण, घासणी वेगळी, आणि शक्य असेल तर मोरीत धुवा, जिथे कोथिंबीर निवडून धुतली जाते त्या सिंकमध्ये नको. पाण्याचं भांडंही रोज घासायचं असतं, नुसतं भरत राहायचं नसतं.

आणि थर्मामीटर. गुदद्वारातला थर्मामीटर हा एका कुत्र्याच्या आतड्यातून दुसऱ्याच्या आतड्यात जाणारा सरळ रस्ता आहे. शे-दोनशे रुपयांचा स्वतःचा डिजिटल थर्मामीटर घेऊन दवाखान्यात जाताना बरोबर न्या. वापरल्यावर आधी साबणाने धुवा, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी खाटकाकडचं कच्चं वाटण्यापेक्षा शिजवलेला भात-चिकन वाटावं. पाण्याची बाटली आणि साबणाची वडी पिशवीतच असू द्यावी.

रिपोर्ट हातात आला तर

कल्चर रिपोर्टमध्ये आधी जंतूचं नाव, मग औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे नाही, आय म्हणजे जास्त मात्रेत किंवा जिथे औषध साठतं अशा अवयवात चालू शकतं. समजा यादी अशी आहे: अमॉक्सिसिलिन आर, सेफ्ट्रियाक्झोन आर, एन्रोफ्लॉक्सासिन आर, डॉक्सिसायक्लिन आर, नायट्रोफ्युरँटॉइन एस, अमिकॅसिन एस, मेरोपेनेम एस, आणि खाली 'ईएसबीएल पॉझिटिव्ह'. इथे घाबरून मेरोपेनेमकडे बोट दाखवायचं नसतं. आधी विचारायचं की हा नमुना कुठला आणि कुत्र्याला त्रास आहे का. शीतून आलेला रिपोर्ट असेल आणि कुत्रा ठणठणीत असेल तर उपचार शून्य. लघवीतला असेल आणि त्रास असेल तर यादीतली साधी औषधं डॉक्टर आधी बघतील. अमिकॅसिन मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून आधी रक्त तपासावं लागतं. मेरोपेनेमपुढेही आर असेल, तर लॅबकडून खात्री करून घ्यायला सांगा आणि पुढची पावलं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच टाका.

लॅब शोधताना परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतले सूक्ष्मजीवशास्त्र विभाग ध्यानात असू द्या. नमुना कसा आणि कधी घेतात ते आधी फोन करून विचारावं.

अँटिबायोटिक देऊन आतडं 'साफ' करायचा प्रयत्न करू नका. त्याने साफ होतात ते साधे जंतू, आणि रिकाम्या झालेल्या जागेत हेच पसरतात. नवीन अँटिबायोटिक टाळलं, कच्चं बंद केलं, की आठवड्यांत किंवा महिन्यांत त्यांचं प्रमाण सहसा आपोआप उतरतं. कुत्र्याला घराबाहेर काढायचं कारण नाही. तोपर्यंत वर सांगितलेल्या कमजोर माणसांनी शी उचलू नये, कुत्र्याला त्यांच्या उशीवर झोपवू नये, आणि त्याचा टॉवेल वेगळा ठेवावा.

दवाखान्यात जाताना आधी फोन करून सांगा, शक्यतो दिवसातली शेवटची वेळ मागा आणि आत बोलावेपर्यंत गाडीत किंवा बाहेर थांबा. तिथल्या टेबलावर पुढे पार्व्होतून उठलेलं पिल्लू येणार असतं. आणि घरातलं कुणी ऑपरेशनला, प्रोस्टेटच्या बायोप्सीला किंवा केमोला जाणार असेल, तर कुत्र्याच्या रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्या फाईलला लावा आणि डॉक्टरांना तोंडाने सांगा: घरात ईएसबीएल निघालंय. ऑपरेशनआधी द्यायचं इंजेक्शन निवडताना त्यांना ही एक ओळ हवी असते, आणि कुत्र्याबद्दल त्या खोलीत दुसरं कुणी विचारणार नसतं.